दिवाडीची फेरी आणि आमच्या घराचा एक-चौदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या दिवाडी बेटावर अर्धं पान आलं होतं. फोटो छान होते, त्यात आमच्या शेजारणीचं घरही होतं, ती बघून खूश झाली. पण लेखकाने सकाळच्या फेरीने येऊन संध्याकाळच्या फेरीने परत जाऊन लिहिलंय हे वाचतानाच कळतं, कारण अख्ख्या लेखात फेरीबोट दोनदाच येते आणि दोन्ही वेळा छान वारा सुटलेला आहे. आम्ही वर्षातून निदान सहाशे वेळा त्या बोटीत चढतो हो, वारा काय रोज सुटत नाही. शेवटी त्यांनी लिहिलंय की पूल नाही म्हणून या बेटाने आपली शांतता जपून ठेवली आहे आणि ती तशीच राहो. म्हटलं यावर चार ओळी लिहाव्यात. चारच्या चाळीस होतील, तुम्ही काय कापायचं ते कापा.

मी मूळची फोंड्याची. लग्न होऊन इथे आले त्याला आता तीस वर्षं होत आली. तेव्हा आमच्या शेतांच्या पलीकडे कोकण रेल्वेच्या पुलाचं काम चाललेलं होतं, दिवसभर धाडधाड आवाज, आणि माझ्या माहेरचे सगळे म्हणायचे बरं झालं, आता रेल्वे येतेय म्हणजे पोरगी अगदीच पाण्यात नाही पडली. रेल्वे आली. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला. तेव्हापासून करमळी आणि थिवी या दोन स्टेशनांच्या मधे गाडी मांडवी ओलांडते, आमच्या बेटावरून जाते, परत पाणी ओलांडते आणि निघून जाते. बेटावर स्टेशन नाही. मुंबईहून आमची नणंद मांडवी एक्सप्रेसने येते ना, ती खिडकीतून स्वतःचं माहेर बघत बघत पुढे करमळीला जाते, तिथे उतरून रिक्षा करून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर येते आणि फेरीत बसून परत मागे येते. दरवेळी उतरल्यावर पहिलं वाक्य तेच, मगाशीच घर दिसलं होतं गं, तुळशीकडे कपडे वाळत घातले होतेस.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाडी तिसवाडी तालुक्यात मांडवीच्या मधोमध आहे, पणजी काही लांब नाही, दहा-बारा किलोमीटर. तीन बाजूंना तीन फेऱ्या. एक जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की लागते ती, एक रायबंदरची आणि एक तिकडे उत्तरेला डिचोलीतल्या नार्व्याची. माणसांसाठी रस्ता असा नाहीच, जायचं तर पाण्यावरून. नदी ओलांडायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, हे खरंय. पाहुण्यांना ती पाच मिनिटं दिसतात. त्याच्या आधीचा अर्धा तास आमचा असतो.

आमच्याकडे कोणी घड्याळ बघून घराबाहेर पडत नाही, कानाने पडतात. सकाळी इंजिनाचा आवाज आला की आमचे हे चहाचा कप तसाच ठेवून कान देतात, आणि आवाजावरून सांगतात की बोट आत्ता आपल्या बाजूने सुटली की तिकडून येतेय. सुटली असेल तर चहा पूर्ण होतो. येत असेल तर मी हेल्मेट अडकवते आणि पळते. पणजीला एका दुकानात मी हिशेबाचं काम करते, साडेनऊला पोचायचं म्हणजे घरातून आठला निघायचं. पावसाळ्यात फेरीच्या रॅम्पवर चिखल असतो, त्यावरून अॅक्टिव्हा चढवायची म्हणजे एक पाय जमिनीला, एक पाय देवाला. माझ्या डोळ्यांसमोर दोनदा बायका घसरून पडल्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला रॅम्प नीट टेकत नाही, मग खलाशी हात देऊन एकेक गाडी वर ओढून घेतात, चांगली माणसं आहेत ती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. खनिजाच्या बार्जेस चालू असल्या की त्या जाईपर्यंत बोट मधेच थांबते. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा नदी एकदम मोकळी झाली होती, लोकांचे रोजगार गेले ते वाईटच, पण खोटं कशाला बोलू, आम्ही वेळेवर ऑफिसला पोचायला लागलो होतो.

त्यात जुन्या गोव्याला काही मोठं असलं की आमचं कंबरडंच मोडतं. ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतंच दरवर्षी, आणि २०२४ च्या २१ नोव्हेंबरपासून २०२५ च्या ५ जानेवारीपर्यंत त्यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा होता, जगभरातून लोक आले, यावंच त्यांनी. पण धक्क्याकडे जाणारा रस्ता तोच ना. आमच्या स्टिकरच्या गाड्या सोडतील असं कोणी म्हणालं होतं, कुठला स्टिकर आणि कोण देणार ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी त्या दिवसांत रायबंदरच्या फेरीने जायची, आणि माझ्यासारख्या सगळ्याच जायच्या, त्यामुळे तिथेही तेच.

आणि रविवार. तुमच्या लेखकासारखी माणसं एक-दोन असती तर काय, या की, जेवून जा. पण आता दर रविवारी धक्क्यावर काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्यांची रांग लागते, चारचाकी चारचाकी चारचाकी, आणि मधे आमच्या गावचा माणूस फटफटीवर मागे बायको नि पुढे गॅसचा सिलिंडर घेऊन उभा. बोटीत चारचाकीला पैसे पडतात, दुचाकीला आणि चालत जाणाऱ्याला फुकट आहे, हे आमच्यावर उपकार असल्यासारखं लोक बोलतात. २०२३ साली दुचाकीलाही पैसे लावायचं निघालं होतं. तेव्हा बेटांवरच्या लोकांनी आवाज केला म्हणून ते मागे पडलं. अहो पणजीच्या माणसाला मांडवीवरून म्हापशाला जायला कोणी तिकीट मागतं का? तिथे तर एकाला लागून एक पूल आहेत, तिसरा अटल सेतू २०१९ ला झाला. आमचा रस्ता पाण्याचा आहे एवढाच फरक.

आता मूळ मुद्दा. मी पूल पाहिजे म्हणून हे पत्र लिहीत नाहीये, आणि नको म्हणूनही नाही. ते पुढे सांगते. मला पहिल्यांदा सांगायचंय ते रात्रीचं.

सात-आठ वर्षं झाली असतील. सासरे तेव्हा होते. रात्री अडीचला उठले, म्हणाले छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतंय, आणि अंगाला दरदरून घाम. १०८ ला फोन केला, गाडी लगेच निघाली, जुन्या गोव्याच्या धक्क्याला येऊन उभीसुद्धा राहिली, पलीकडे निळा दिवा गोल फिरताना आम्हाला दिसत होता. आम्ही सासऱ्यांना गाडीच्या मागच्या सीटवर आडवं करून या बाजूच्या धक्क्यावर. आणि बोट पलीकडे बांधलेली. शेवटची फेरी होऊन गेलेली, खलाशी झोपलेले असणार, बिचारे दिवसभर तेच करतात. ह्यांनी हॉर्न वाजवला, वाजवतच राहिले. मी हेडलाईट चालू-बंद, चालू-बंद. तिकडून अँब्युलन्सवाल्यानेही हॉर्न द्यायला सुरुवात केली. नदीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही एकमेकांना हॉर्न देतोय आणि मधे काळं पाणी. एक नंबर होता लिहिलेला धक्क्याच्या भिंतीवर, इमर्जन्सीसाठी म्हणून, तो लावला तर तो अस्तित्वात नाही म्हणे.

शेवटी आला कोण तर आमचा पोदेर. पाव भाजणारा माणूस त्या वेळेला जागाच असतो, भट्टी पेटवलेली असते. हॉर्न ऐकून तो सायकल घेऊन धक्क्यावर आला, पीठ लागलेल्या हाताने खिशातून मोबाईल काढला आणि त्या रात्री ड्युटीवर असलेल्या खलाशाला सरळ नावाने हाक मारून उठवलं, कारण तो रोज त्याच्याकडून पाव नेतो. दहाव्या मिनिटाला बोट आमच्याकडे होती. एकूण पाऊण तास गेला. सासरे वाचले, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आठ दिवस होते, पुढे चार वर्षं जगले आणि घरीच गेले. पण तेव्हापासून आमच्या घरात फ्रिजवर पहिला नंबर कुठल्या डॉक्टरचा नाही, पोदेराचा आहे. माझा प्रश्न एवढाच, की ज्या घरच्यांना पोदेराचा नंबर माहिती नाही त्यांनी काय करायचं?

रात्री एक बोट आमच्या बाजूला बांधा. बस. दोन खलाशी, एक चालता फोन. आजारी माणूस नेहमी बेटावर असतो, अँब्युलन्स नेहमी बाहेर असते, मग बोट बाहेर बांधण्यात काय हशील ते मला कधी समजलेलं नाही. हे मी गेल्या काही वर्षांत तीन अर्जांत लिहिलंय. एकाचं उत्तर आलं, त्यात आपला अर्ज योग्य त्या खात्याकडे पाठवला आहे असं होतं, आणि ते योग्य खातं म्हणजे मी ज्यांना अर्ज केला होता तेच. शेजारच्या चोडण बेटाला २०२५ च्या जुलैत रोरो फेरी आली, मोठी, आम्ही खास बघायला गेलो होतो. त्यांना मिळाली याचा आनंदच आहे, चोडणकरांनी खूप सोसलंय. पण आम्हाला नवी कोरी नाही दिली तरी चालेल. आहे ती रात्री इकडे बांधा एवढंच म्हणतेय.

आता ती शांतता. लेखात जुन्या घरांचं फार कौतुक आहे, शिंपल्यांच्या खिडक्या, दारापुढचा बसायचा बाल्कांव, लाल जमीन. मी आमच्या वाड्यावरची घरं मोजली. चौदा. त्यातली सहा बंद. बंद म्हणजे नुसती कुलूप लावलेली नाहीत, एकाला तर कुलूपही उरलेलं नाही, दाराला काथ्या बांधलाय. एका घरातले सगळे इंग्लंडला, पोर्तुगीज पासपोर्ट करून गेले. एकातली म्हातारी गेल्यावर मुलगे वास्कोत फ्लॅटमध्ये, कारण सुनांना रोज फेरी नको, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही कारण मी रोज ती फेरी करते. एका घराचे मालक कोण हेच नक्की नाही. संध्याकाळी सात नंतर वाड्यावर एवढं शांत असतं की समोरच्या घराच्या छपरावरून कौल घसरलं तर ऐकू येतं. मागच्या आषाढात आलं. सकाळी बघितलं तर आत माडाची पात वाढलेली, उजेडाकडे.

आमचं स्वतःचं घर चालू आहे, पण कागदावर विचाराल तर ते आमचं नाही. गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको, महाराष्ट्रातल्यांना सात-बारा तसा आम्हाला एक-चौदा. तर आमच्या एक-चौदावर अजून ह्यांच्या पणजोबांचं नाव आहे. पणजोबांना चार मुलगे, दोन मुली. आमच्या इथल्या कायद्यात, तो जुना १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा त्याच्यापासून चालत आलेला, मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा, आणि लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी. बायांसाठी हे फार चांगलं आहे, माझा स्वतःचा फोंड्याच्या घरात वाटा आहे आणि मी तो सोडणार नाही. पण त्याचा दुसरा भाग असा की चार पिढ्यांत वाटणीच केली नाही तर वारस वाढत जातात, आणि प्रत्येकाच्या बायकोची किंवा नवऱ्याची सहीसुद्धा लागते. आम्ही वही घेऊन बसलो एका चतुर्थीला, सगळी नावं काढली, तेवीस वारस निघाले. त्यांचे जोडीदार धरून एकेचाळीस सह्या. मुंबईत, बेळगावात, पुण्यात, दोन कॅनडात, एक लिस्बनला, आणि एक कुठे आहे कोणालाच माहिती नाही, शेवटचं पत्र दमणहून आलेलं म्हणे.

इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीचा दावा, करायची म्हणजे कोर्टात या सगळ्यांना बोलवायचं. वकिलाने आधी जुने दस्त मागितले, ते पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेले, त्याचं भाषांतर करणारा मडगावला एक म्हातारा गृहस्थ, त्याच्याकडे चार महिने. तोवर मुंबईचे एक काका वारले, म्हणजे त्यांच्या जागी त्यांची तीन मुलं. आम्ही एकेक सही मिळवतोय आणि मागून यादी वाढतेय. सासूबाई म्हणतात हे मारुतीच्या शेपटासारखं आहे. तोपर्यंत घराला कर्ज मिळत नाही, दुरुस्तीचा परवाना मागायला गेलं की मालकाची सही आणा. मालक १९५०च्या आधीच गेलेत हो, सही कुठून आणू.

मग आम्ही गपचूप कौलं बदलतो, काय करणार. तेही कसं? डिचोलीकडून चिऱ्याचा ट्रक मागवला तर तो पहिल्यांदा विचारतो फेरी आहे का, मग भाव वाढवून सांगतो. कारण ट्रक रांगेत अर्धा दिवस अडकतो, आणि बोटीवर एकच मोठी गाडी घेतात, ओहोटीला तीही नाही. गवंडी सकाळी साडेदहाला येतो आणि चारला त्याला परतीच्या फेरीचं टेन्शन. माझ्या बहिणीच्या फोंड्यातल्या स्वयंपाकघराचं काम तीन आठवड्यांत झालं, आमच्या न्हाणीघराला अडीच महिने लागले, तोवर आम्ही बारा माणसं चतुर्थीला शेजारच्या बाथरूममध्ये आंघोळ करत होतो. त्या शेजारणीचं नाव लिहिलं तर ती मला मारील, पण देव तिचं भलं करो.

आणि नेमकं या गोंधळात दलाल येतात. हे मला जरा सविस्तर लिहू दे, कारण तुमच्या लेखात याच्यावर एक अक्षर नाही. पहिला आला तेव्हा मी समजले घर बघायला आलेला टुरिस्ट आहे. पांढरा लिननचा शर्ट, हिंदीत गोड बोलणं, आंटी आपका बाल्कनी बहुत प्यारा है. पाणी दिलं, सोलकढी दिली. मग म्हणाला बेचना है क्या. मी म्हटलं कागद क्लिअर नाहीत, तेवीस हिस्से आहेत. तो हसला. म्हणाला आंटी, कागज हम देख लेंगे, आप सिर्फ अपना हिस्सा दे दो. नंतर कळलं की त्याने मुंबईच्या एका चुलत दिराला आधीच फोन केलेला होता. म्हणजे आमच्या घराचे वारस शोधायला आम्हाला सहा वर्षं लागली आणि त्याला एक महिना. एका वारसाचा तेविसावा हिस्सा घेतला की तो घरात वारस म्हणून उभा राहतो आणि मग बाकीच्यांना दमवून दमवून बाहेर काढतो, हे आमच्या पलीकडच्या वाड्यावर झालेलं आहे. आणि जिथे कोणीच वारस इथे नाही तिथे तर खोटे दस्त करून जमिनी विकल्याचे प्रकार गोवाभर निघाले, २०२२ साली सरकारला त्यासाठी एसआयटी नेमावी लागली, हे तुमच्याच पेपरात वाचलंय. बंद घर म्हणजे उघडं घर, असं आमच्याकडे आता म्हणतात.

त्या लिननवाल्याने जाताना विचारलं, पूल कब बन रहा है? त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येकाने हेच विचारलं. शाळेचं कोणी विचारलं नाही, रात्री आजारी पडलं तर काय करता हे कोणी विचारलं नाही, पाणी किती वेळ येतं हेसुद्धा नाही. पूल.

म्हणून पुलाबद्दल आमच्यात दोन तट आहेत, आणि ते एका घरातसुद्धा आहेत. आमच्या ह्यांना पूल हवा, सासऱ्यांची ती रात्र ते विसरत नाहीत. माझा मुलगा म्हणतो पूल झाला की दोन वर्षांत इथे कळंगुट होईल. मला विचाराल तर मी म्हणते आधी जमिनीचं ठरवा, पूल मग. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात ते १७(२) कलम घातलं, त्याने एकेका सर्व्हे नंबरची झोन बदलायची सोय झाली, चूक दुरुस्ती म्हणून. २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने त्याचे नियम रद्द केले. पण मधे २०२४ ला झोन बदलायचंच ३९अ हे दुसरं कलम आलंच. भाताची शेतं आज शेतं आहेत आणि उद्या सेटलमेंट झोन, म्हणजे घरं बांधायची जागा, आणि आम्हाला कळणार कधी तर पेपरात बारीक टाइपात नोटीस आल्यावर, तीही वाचायला मिळाली तर, कारण पाऊस असला की पेपर कधीकधी दुपारच्या फेरीने येतो.

शेतांचंही तेच. आमची खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेली जमीन, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या फाटकाची, दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघड-बंद करायची. मी आले तेव्हा बांधावर माणसं होती, सासरे स्वतः रात्री कंदील घेऊन मानस बघायला जायचे. आता बांधाला भोक पडलं तर ते बुजवायला वाड्यावर माणूस नाही, खारं पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन पावसाळे भात येत नाही, कांदळ उगवतं. मग तोच लिनन शर्ट म्हणतो ये तो वैसे भी बंजर है.

एक गंमत सांगते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आमच्याकडे बोंदेरा असतो, तुमच्या लेखात त्याचा रंगीत फोटो होता, खाली फक्त झेंड्यांचा उत्सव असं लिहिलेलं. तो झेंड्यांचा उत्सव खरा, पण ते झेंडे कसले? वाड्यावाड्यांत जमिनीच्या हद्दीवरून मारामाऱ्या व्हायच्या म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं लावली, आणि लोकांनी ती पाडली. त्याची आठवण म्हणून अजून फोटाशीने, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीने, कच्ची फळं मारून झेंडे पाडतात. म्हणजे आमचा सगळ्यात मोठा सण सर्व्हे खात्याविरुद्धचा आहे. हल्ली त्या दिवशी एवढे लोक येतात की आम्ही गावचे दुपारीच घरात बसतो, कारण बाहेर पडलो तर परत यायला फेरी मिळत नाही.

आणि शांततेचं म्हणाल तर या बेटावरून पहिलं जायला लागलं ते आमच्या देवाला. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीवरचा, पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे नेलं, १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिकडे देऊळ उभारून दिलं, आता २०२३ ला परत त्याचं काम केलं, सुंदर झालंय. आम्ही अष्टमीला नार्व्याच्या फेरीने जातो. सासूबाई दरवेळी धक्क्यावर उभ्या राहून म्हणतात, देवसुद्धा परत नाही आला, तर तुझा चुलत दीर काय येणार कॅनडाहून.

तर मला जे पाहिजे ते काही भारी नाही. रात्री बोट आमच्या बाजूला. धक्क्यावर लिहिलेला नंबर लागणारा. रविवारी आणि बोंदेऱ्याला गावच्या लोकांना वेगळी रांग, आधारकार्डावर पत्ता असतोच, बघा आणि सोडा. आणि वर्षातून एकदा कोणीतरी अधिकारी, भाषांतर करणारा, आणि इन्व्हेंटरी समजावून सांगणारा वकील असे तिघे जण दोन दिवस पंचायतीच्या हॉलमध्ये येऊन बसले तर निम्म्या वाड्याचे कागद मार्गी लागतील. विकणारे विकतील, ठेवणारे ठेवतील, पण दलालाच्या आधी आम्हाला तरी कळेल घर कोणाचं आहे ते. शेतांची झोन बदलायला कोणी अर्ज केला तर त्याची नोटीस फेरीच्या शेडमध्ये लावा, तिथे आम्ही सगळे रोज अर्धा तास उभे असतो, वाचायला भरपूर वेळ असतो.

लेखकमहाशयांवर माझा राग नाही. त्यांना रॉस ऑम्लेट आवडलं ते माझ्या भाचीच्या गाड्यावरचं, तिचा धंदा वाढलाय त्या दिवसापासून, त्याबद्दल आभारच.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नका. खात्याच्या भीतीने नाही हो. खलाशी पेपर वाचतात आणि मला उद्या सकाळी आठच्या बोटीवर गाडी चढवायची आहे.

आपली,
एक वाचक, दिवाडी